सिकलसेलची कॅप्सूल, ऑक्सिजन आणि डीएनएची अक्षरं

"भाऊ, हे तं कॅन्सरची गोळी आहे म्हणते मेडिकलवाला. पोराले द्यावं का नाही?"

शेजारच्या वहिनी संध्याकाळी दारात उभ्या होत्या. एका हातात मुलाची फाइल ठेवलेली कॅरीबॅग, दुसऱ्या हातात कॅप्सूलची पट्टी. मुलगा नऊ वर्षांचा, एसएस पॅटर्नचा. म्हणजे आई आणि वडील, दोघांकडूनही सिकलसेलचा, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आजाराचा, जीन आलेला. एकाकडूनच आला तर एएस. नागपुरात आणि आसपासच्या जिल्ह्यांत 'एएस' आणि 'एसएस' ही अक्षरं घराघरांत ठाऊक आहेत. १९५८ साली शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली, तेव्हापासून हा पट्टा वैद्यकाच्या नकाशावर आहे. १ जुलै २०२३ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तेव्हापासून तपासणी वाढली, औषधाबद्दल बोलणं वाढलं आणि त्याबरोबर शंकाही वाढल्या.

पट्टीवर नाव होतं हायड्रॉक्सियुरिया, ५०० मिलिग्रॅम. दुकानदार खोटं बोलला नव्हता. हे औषध १९६०च्या दशकापासून रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये वापरलं जातं. डॉक्टरही चुकले नव्हते. दोघांचंही खरं कसं, हे समजायला पेशीतल्या एका एन्झाइमची ओळख करून घ्यावी लागते. हे एन्झाइम डीएनएची अक्षरं तयार करतं आणि हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचं फार खोल नातं आहे. वहिनींना मी अर्ध्या तासात जमेल तेवढं सांगितलं. इथे जरा सावकाश सांगतो.

अक्षरं येतात कुठून?

डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला मजकूर, हे आपण शाळेत शिकलो. ए, टी, जी, सी. माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत आईकडून आलेली सुमारे ३०० कोटी आणि वडिलांकडून आलेली तेवढीच अक्षरं असतात. एका पेशीच्या दोन पेशी व्हायच्या, तर हा सगळा मजकूर पुन्हा लिहावा लागतो. म्हणजे ६०० कोटी जोड्या उकलायच्या आणि त्यांच्यासमोर दुप्पट नवी अक्षरं बसवायची. आपली पेशी हे काम साधारण आठ तासांत उरकते.

एवढी अक्षरं पेशीत साठवलेली नसतात. असतो तो अक्षरांचा दुसरा प्रकार, आरएनएची अक्षरं. ती मुबलक असतात, कारण पेशीच्या रोजच्या व्यवहाराला तीच लागतात. दोन्ही प्रकारांत फरक एवढासाच. आरएनएच्या अक्षरातल्या साखरेवर एका ठिकाणी ऑक्सिजनचा एक अणू जास्त असतो, डीएनएच्या अक्षरात तो नसतो. 'डीऑक्सी' या शब्दाचा अर्थच 'ऑक्सिजन काढलेलं'. डीएनएमधला 'डी' तो हाच.

हा एक अणू काढायचं काम जे एन्झाइम करतं, त्याचं नाव रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज. नाव लांबलचक आहे, म्हणून पुढे मी त्याला नुसतं आरएनआर म्हणेन. एन्झाइम म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं विकर: एखादी रासायनिक क्रिया झपाट्याने घडवून आणणारं आणि स्वतः न संपणारं प्रथिन. जिवाणू असो, संत्र्याचं झाड असो की माणूस, स्वतः डीएनएची अक्षरं घडवणाऱ्या प्रत्येक पेशीला आरएनआर लागतं.

ऑक्सिजन काढायला ऑक्सिजन

साखरेवरचा तो ऑक्सिजन सहजासहजी निघत नाही. त्याचा बंध पक्का असतो. तो तोडायला रसायनशास्त्रातलं एक जहाल हत्यार लागतं, फ्री रॅडिकल. इलेक्ट्रॉन सहसा जोडीने राहतात. जोडीदार हरवलेला एकटा इलेक्ट्रॉन ज्या रेणूत असतो, तो फ्री रॅडिकल. हा रेणू फार अधीर असतो, शेजाऱ्याचा इलेक्ट्रॉन ओढायला टपलेला.

फ्री रॅडिकल म्हटलं की लोकांना जाहिराती आठवतात: फ्री रॅडिकल वाईट, म्हणून अँटिऑक्सिडंट प्या. मोकाट सुटलेला रॅडिकल पेशीची नासधूस करतो, हे खरंच आहे. पण १९७०च्या दशकात स्वीडनमध्ये पीटर रायकार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आरएनआरच्या आत एक रॅडिकल सापडला, तोही पेशीने मुद्दाम जपून ठेवलेला. प्रथिनाच्या आत खोलवर पुरलेला, बाहेरच्या कशाला धक्का न लावणारा, जरूर पडली की कामाला येणारा.

माझ्या डोळ्यासमोर अशा वेळी देवळाच्या गाभाऱ्यातला नंदादीप येतो. गाभारा बंदिस्त असल्यामुळे वारा लागत नाही, म्हणून ज्योत टिकते. त्या ज्योतीवर दुसरी वात पेटवून न्यायची, काम करायचं; मूळची ज्योत जागच्या जागी. आरएनआरचे दोन भाग असतात. लहान भागात हा नंदादीप असतो, मोठ्या भागात अक्षर घडतं. दोघांमधलं अंतर आहे साधारण साडेतीन नॅनोमीटर. आपल्या दृष्टीने काहीच नाही, पण इलेक्ट्रॉनच्या दृष्टीने मोठी मजल. म्हणून पंगतीत ताटं हातोहात पुढे सरकावीत, तशी ती ठिणगी प्रथिनातल्या एका घटकाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे जाते. मोठ्या भागात पोचल्यावर साखरेवरचा ऑक्सिजन पाण्याच्या रूपात निघून जातो आणि ठिणगी आल्या वाटेने परत येते. प्रत्येक अक्षराला ही एक फेरी. अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या जोअ‍ॅन स्टबी यांनी या फेरीचा माग काढण्यात कित्येक दशकं घालवली.

नंदादीप पेटतो कसा? लहान भागात लोखंडाचे दोन अणू शेजारी शेजारी बसलेले असतात. त्यांच्याशी ऑक्सिजनचा रेणू भिडला की लोखंड जवळच्या टायरोसिन नावाच्या घटकाचा एक इलेक्ट्रॉन ओढून घेतं आणि ज्योत लागते. थोडक्यात, लोखंड ही वात आणि ऑक्सिजन ही काडी. साखरेवरचा एक ऑक्सिजन काढून टाकण्यासाठी आपल्या पेशीला श्वासातला ऑक्सिजन लागतो. इतकी वर्षं मी हे शिकवतो आहे, तरी दरवेळी या ठिकाणी क्षणभर थांबतो.

ज्योत कायमची मात्र नसते. ती अधूनमधून विझते आणि परत लावावी लागते. म्हणून ऑक्सिजनचा पुरवठा एकदा झाला की संपलं, असं होत नाही.

अक्षरं जास्त झाली तर?

हा भाग पटकन सांगतो. अक्षरं कमी पडली तर मजकूर अर्धवट राहतो, जास्त झाली किंवा चौघांचं प्रमाण बिघडलं तर चुका होतात. घरावरच्या टाकीत फ्लोट असतो: पाणी चढलं की तो वर येतो आणि नळ बंद होतो. आरएनआरवरही असाच फ्लोट आहे. 'ए' हे तयार अक्षर साठलं की तेच जाऊन एन्झाइमवर बसतं आणि काम थांबवतं. साठा उतरला की परत चालू.

नाग नदीच्या गाळातले जीव

आता कोणाच्याही मनात यावी अशी शंका. जिथे ऑक्सिजन नाहीच, तिथले जीव डीएनए कसा लिहितात?

त्यासाठी लांब जायला नको. नाग नदीच्या पुलावर थांबा. काठावरचा गाळ काळा असतो आणि त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. ही ऑक्सिजन संपल्याची खूण. त्या गाळात जिवाणू आहेत आणि ते जोमाने वाढताहेत. तसेच सेप्टिक टँकमध्ये, आणि तसेच आपल्या मोठ्या आतड्यात.

निसर्गाने आरएनआरचे तीन प्रकार घडवले आहेत. पहिला आपला, ऑक्सिजनवर पेटणारा. दुसरा जीवनसत्त्व बी १२च्या मदतीने ठिणगी पाडतो. ऑक्सिजन असो वा नसो, त्याला फरक पडत नाही. तिसरा प्रकार ऑक्सिजनशिवायच चालतो, आणि ऑक्सिजन लागला तर त्याच्या ज्योतीबरोबर प्रथिनाचाही तुकडा पडतो. पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन ठळकपणे साठू लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. जीव त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. त्यामुळे ऑक्सिजनशिवाय चालणारी रीत जुनी आणि आपली रीत नंतरची, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

आतड्यातल्या ई. कोलाय या जिवाणूकडे पहिला आणि तिसरा, असे दोन्ही प्रकार असतात. कोणता कधी वापरायचा, हे त्याला कळतं ते एफएनआर नावाच्या प्रथिनामुळे. या प्रथिनात लोखंड आणि गंधकाचा एक छोटा पुंजका असतो. ऑक्सिजन लागला की पुंजका मोडतो आणि प्रथिन निकामी होतं. ऑक्सिजन नसला की पुंजका शाबूत राहतो, आणि मग हे प्रथिन डीएनएवर बसून तिसऱ्या प्रकारचं आरएनआर बनवायचा हुकूम सोडतं. एक पुंजका मोडतो की राहतो, एवढ्यावर सगळा निर्णय. स्यूडोमोनस एरुजिनोसा या दवाखान्यांतल्या चिवट जिवाणूकडे तर तिन्ही प्रकार आहेत. तो कुठेही तग धरतो, त्याचं हेही एक कारण.

इथे एक गैरसमज दूर करतो. बी १२ची इंजेक्शनं हल्ली बरेच जण घेतात. बी १२ कमी पडलं की आपल्यातही रक्तपेशी नीट बनत नाहीत, पण त्याचं कारण आरएनआर नाही. आपलं आरएनआर बी १२वर चालतच नाही. बी १२च्या कमतरतेत अडतं ते 'टी' हे अक्षर घडवण्याच्या नंतरच्या एका पायरीवर.

ऑक्सिमीटरवर ९० आलं तर डीएनए थांबतो का?

एप्रिल २०२१ नागपूरकर विसरलेले नाहीत. विशाखापट्टणमहून ऑक्सिजनचे टँकर घेऊन रेल्वे आली, तेव्हा लोकांनी ती बातमी जीव मुठीत धरून वाचली. घरोघरी ऑक्सिमीटर आले, बोटावर चिमटा लावून आकडे मोजले गेले. म्हणून हा प्रश्न मला विद्यार्थी हमखास विचारतात.

उत्तर आहे, नाही. ऑक्सिमीटरचा ९० म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या शंभरातल्या नव्वद जागा ऑक्सिजनने भरलेल्या. हवेतल्या ऑक्सिजनचा आकडा वेगळा. हवेत तो २१ टक्के असतो. आपल्या बहुतेक अवयवांत पोचेपर्यंत ५ टक्क्यांच्या आसपास येतो, आणि तिथे आरएनआर ठणठणीत चालतं. नंदादीप पेटायला फार कमी ऑक्सिजन पुरतो. तो कमी पडू लागतो ते प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खूप खाली गेलं की. ९० आकडा गंभीर असतो तो मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांच्या ऊर्जेसाठी.

उलट शंकाही येते: मग जास्त ऑक्सिजन दिला तर पेशी वेगाने वाढतील? तसंही नाही. दिवा पेटलेला असताना आणखी काड्या ओढून उजेड वाढत नाही.

गाठीच्या आत

शरीरात ऑक्सिजन खरोखर इतका खाली जातो, ती जागा म्हणजे कॅन्सरची गाठ. गाठ झपाट्याने वाढते, रक्तवाहिन्या तिच्या वेगाने वाढत नाहीत. आतल्या काही भागांत ऑक्सिजन ०.१ टक्क्याच्याही खाली जातो. अशा पेशी रेडिएशनला सहज दाद देत नाहीत, हे १९५३ पासून माहीत आहे, कारण किरणांनी डीएनएला केलेली इजा पक्की व्हायला ऑक्सिजनच लागतो.

मग त्या पेशी अक्षरं कुठून आणतात? २०१७ साली ऑक्सफर्डमधल्या संशोधकांनी याचं उत्तर दाखवलं. माणसाकडे आरएनआरच्या लहान भागाची दोन रूपं आहेत. एक नेहमीचं, पेशी दुभंगताना वापरलं जाणारं. दुसरं पी५३आर२ नावाचं, २००० साली जपानमध्ये सापडलेलं, डीएनएच्या दुरुस्तीसाठी हाताशी असणारं. ऑक्सिजन फार घटला की पहिल्याची ज्योत टिकत नाही, पण दुसऱ्याची बऱ्यापैकी टिकते. मग पेशी दुसऱ्याचं उत्पादन वाढवते आणि मोठ्या भागाला त्याची जोड देते. जिवाणू अख्खं एन्झाइम बदलतो, आपली पेशी फक्त समईची वात बदलते.

यातून पुरेशी अक्षरं मिळत नाहीत. लिहिण्याचा वेग मंदावतो, पण अर्धवट लिहिलेला डीएनए तुटत नाही. प्रयोगशाळेत पी५३आर२ काढून टाकलं, तर ऑक्सिजन नसलेल्या पेशींमध्ये डीएनएची मोडतोड वाढली आणि त्या जास्त मेल्या.

मग पी५३आर२ बंद करणारं औषध आणा आणि कॅन्सर संपवा, असं कोणालाही वाटेल. मलाही हे वाचताना वाटलं होतं. पण न दुभंगणाऱ्या पेशींत, स्नायूंमध्ये, मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांच्या, डीएनएला अक्षरं पुरवतं ते हेच रूप. जन्मतः त्यात दोष असलेल्या बाळांना स्नायू आणि मूत्रपिंडाचे अतिशय गंभीर आजार होतात. त्यामुळे ही वाट जपूनच चालावी लागेल.

मग ही कॅप्सूल करते काय?

हायड्रॉक्सियुरिया हा अगदी लहान रेणू, १८६९ साली जर्मनीत प्रथम बनवलेला. लहान असल्यामुळे तो गाभाऱ्यात शिरतो आणि रॅडिकलला हवा असलेला इलेक्ट्रॉन देऊन टाकतो. एकट्याला जोडीदार मिळाला, ज्योत विझली. आरएनआर थांबलं, अक्षरं आटली, पेशी दुभंगायची थांबली. कॅन्सरमध्ये हेच हवं असतं. औषधाचा अंमल उतरला की लोखंड आणि ऑक्सिजन मिळून ज्योत परत पेटते.

सिकलसेलमध्ये याचा उपयोग कसा? सिकलसेलचा दोष हिमोग्लोबिनच्या जीनमधल्या एका अक्षरात आहे: 'ए'च्या जागी 'टी'. असं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडून रिकामं झालं की एकमेकांना चिकटून लांब काड्या बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि वेदना सुरू होतात. उन्हाळ्यात नागपूरचा पारा ४५च्या वर जातो, अंगातलं पाणी घटतं, पेशीतलं हिमोग्लोबिन दाट होतं आणि काड्या आणखी लवकर बनतात. म्हणून डॉक्टर या मुलांना पाणी पीत राहायला सांगतात.

पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्याला गर्भ हिमोग्लोबिन म्हणतात. ते या काड्या जुळू देत नाही. एसएसच्या बाळांना पहिले काही महिने त्रास होत नाही, तो त्यामुळेच. हायड्रॉक्सियुरियाने हे गर्भ हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं. सर्वाधिक मान्य असलेलं स्पष्टीकरण असं: अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आत जिथे रक्तपेशी बनतात तिथे, झपाट्याने दुभंगणाऱ्या पेशी औषधाने मंदावतात, आणि भरपाई म्हणून शरीर ज्या कोवळ्या पेशींना पुढे आणतं, त्यांच्यात गर्भ हिमोग्लोबिन बनवायची क्षमता अजून शाबूत असते. १९९५ साली अमेरिकेत २९९ प्रौढ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले. औषध घेणाऱ्यांमध्ये वेदनेचे झटके जवळजवळ निम्मे झाले होते. १९९८ मध्ये तिथे या आजारासाठी मंजुरी मिळाली.

म्हणजे एसएसच्या मुलाच्या शरीरात ऑक्सिजन दोन ठिकाणी निर्णायक ठरतो. रक्तपेशीत तो सुटला की काड्या बनतात. अस्थिमज्जेत तो आरएनआरची ज्योत पेटवतो, आणि कॅप्सूल त्याच ज्योतीवर फुंकर घालते.

वहिनींच्या शंका

"पंधरा दिवस झाले, पाय दुखणं तं थांबलं नाही." नाही थांबणार. रक्तात फिरणाऱ्या लाल पेशीत डीएनए नसतोच, त्यामुळे तिच्यावर कॅप्सूल काही करू शकत नाही. परिणाम होतो तो मज्जेत नव्याने बनणाऱ्या पेशींवर, आणि त्या रक्तात पुरेशा होईपर्यंत काही महिने जातात. ही दुखण्यावरची गोळी नाही. बरं वाटलं म्हणून सोडायची नाही आणि दुखतंय म्हणून जास्तही द्यायची नाही.

"मग त्याले कॅन्सर आहे का?" नाही. एकाच औषधाचा दोन आजारांत उपयोग होतो, एवढंच. पाण्याने आग विझते आणि रोपही वाढतं.

"दर वेळी रक्त कायले काढते?" हा सगळ्यात नेमका प्रश्न होता. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट त्याच मज्जेत, त्याच आरएनआरच्या जोरावर बनतात. ज्योत गरजेपेक्षा जास्त मंदावली तर आधी त्यांचे आकडे उतरतात, संसर्गाची भीती वाढते. म्हणून सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करून डोस ठरवतात, आणि मुलाला ताप आला तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. मुलगा मोठा होऊन लग्नाचा, मुलाबाळांचा विचार करेल, तेव्हा हे औषध चालू आहे हे डॉक्टरांना आधी सांगायचं, हेही मी त्यांना फाइलवर लिहून दिलं.

वहिनींनी फाइल उघडून मागचा सीबीसी माझ्यापुढे धरला. पांढऱ्या पेशींच्या ओळीखाली मी पेनने रेघ ओढली आणि पुढच्या वेळी हाच आकडा आधी विचारायचा, असं दाखवलं. पुढची तारीख सोमवारची होती.